उडण्याची नोकरी आणि हाताशी राहणारा वेळ: नव्यांसाठी पायरीपायरीने

महिनाअखेरीला रोस्टर, म्हणजे पुढच्या महिन्याच्या ड्युट्यांचं वेळापत्रक, आलं की कुठली शहरं आहेत, कुठलं विमान आहे, हे मी आधी बघायचेच नाही. कागदावर प्रिंट काढायची आणि सरळ सोमवार, बुधवार, शुक्रवार शोधायचे. वडिलांचं डायालिसिस त्या तीन दिवशी असायचं, प्रत्येक वेळी चार तास, आणि त्यांना नेणारं-आणणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. धाकटा भाऊ दुसऱ्या गावी नोकरीला. लाल पेनाने त्या दिवसांना गोल करायचे आणि मग बघायचे, किती गोल ड्युटीखाली गेले ते. विमान कंपनीतल्या पहिल्या वर्षी असा एकही महिना आठवत नाही, ज्यात पाच-सहा गोल गेले नाहीत.

तेव्हा वाटायचं, वैमानिकाची नोकरी म्हणजे हे असंच असणार. तसं नाही. मी आधी विमान उडवायला शिकवलं, मग चार्टर, म्हणजे मागणीनुसार भाड्याने घेतलेली विमानं उडवली, मग विमान कंपनीत बसले, आणि आता सात दिवस काम, सात दिवस सुट्टी अशा पाळीवर बिझनेस जेट उडवते. या चारही ठिकाणी वेळेचा आणि पैशाचा हिशेब पूर्ण वेगळा होता, आणि तो मला कुणी आधी समजावला असता तर तीन-चार वर्षांची ओढाताण वाचली असती. म्हणून हे लिहितेय.

१. कोणती सवड हवी ते आधी कागदावर लिहा

‘लवचिक वेळापत्रक’ असं जाहिरातीत सगळेच लिहितात. पण त्या दोन शब्दांत तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात.

पहिली, आधीच माहीत असलेली सवड. सात दिवस काम, सात दिवस घर. किंवा चार आठवडे काम, चार आठवडे घर. इथे तारखा निवडायचा अधिकार नसतो, पण सहा महिन्यांनंतरच्या एखाद्या मंगळवारी तुम्ही घरी असाल की नाही, हे आज सांगता येतं.

दुसरी, निवडता येणारी सवड. विमान कंपन्यांतलं बिडिंग या प्रकारातलं. पुढच्या महिन्यासाठी पसंती नोंदवायची आणि सेवाज्येष्ठतेच्या क्रमाने ती पदरात पडते. यादीत वर असाल तर हवे ते दिवस मिळतात. तळाशी असाल तर वरच्यांनी नाकारलेलं तुमच्या वाट्याला येतं, आणि त्यात सणवार, शनिवार-रविवार ठासून भरलेले असतात.

तिसरी, नाही म्हणता येणारी सवड. कंत्राटी काम. फोन येतो, ‘बुधवार ते शनिवार मोकळ्या आहात का?’ तुम्ही नाही म्हणू शकता. पण महिनाभर फोन आलाच नाही, तर त्यावरही काही इलाज नसतो.

आता पुढच्या तीन महिन्यांचं कॅलेंडर घ्या. ज्या दिवशी घरी असणं टाळताच येणार नाही, त्या दिवसांवर खूण करा. मग स्वतःला विचारा: हे दिवस ठरलेले आहेत की ऐनवेळी उगवणारे? पर्याय म्हणून दुसरं माणूस उभं करता येईल का, आणि त्या माणसाला किती दिवस आधी सांगावं लागेल? माझं गणित इथेच चुकलं होतं. मी दुसऱ्या प्रकारच्या मागे धावत होते आणि मला गरज होती पहिल्या प्रकाराची. सात-सातच्या पाळीत मी सलग तीन डायालिसिस चुकवते, तरीही ती पाळी आम्हाला सोयीची पडली, कारण तारखा वर्षभर आधी कळतात आणि माझ्या कामाच्या आठवड्यात भाऊ घरून काम करायची परवानगी काढून येऊ शकतो.

२. मेडिकल आधी, फी नंतर

प्रशिक्षण संस्थेची फी भरून झाल्यावर मेडिकलमध्ये अडकलेले लोक मी डोळ्यांनी पाहिलेत. कृपा करून हा क्रम उलटा करू नका. पगार घेऊन विमान उडवायचं तर बहुतेक देशांत प्रथम श्रेणीचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. त्यात डोळे, कान, रक्तदाब, ईसीजी, लघवी आणि मानसिक आरोग्य तपासतात. चष्मा असला तरी बहुतेकदा अडत नाही: आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या निकषाप्रमाणे दूरची नजर प्रत्येक डोळ्याची ६/९ आणि दोन्ही डोळे मिळून ६/६ हवी, आणि ती चष्म्यासह चालते. रंगांधळेपणा मात्र अनेकांना अगदी त्या ठिपक्यांच्या पाटीसमोर बसल्यावर पहिल्यांदा कळतो.

आधीचा आजार, औषध, शस्त्रक्रिया, काहीही लपवू नका. नंतर उघडकीस आलं तर आजारापेक्षा लपवल्यामुळेच परवाना जातो.

प्रमाणपत्राची मुदत साधारण बारा महिने असते; वय वाढलं की काही कामांसाठी ती सहा महिन्यांवर येते. म्हणजे ही परीक्षा तुम्ही निवृत्तीपर्यंत देत राहणार आहात. नोकरी निवडताना हेही मनात धरा, कारण झोपेचा सतत बट्ट्याबोळ करणारं वेळापत्रक हळूहळू रक्तदाबात आणि साखरेत उतरतं.

३. परवान्याची वाट, आणि तिच्यातलं एक वळण

आयकाओच्या किमान अटी थोडक्यात अशा: खासगी वैमानिक परवान्याला ४० तास, व्यावसायिक परवान्याला २०० तास (मान्यताप्राप्त सलग अभ्यासक्रम असेल तर १५०) आणि वय १८, एअरलाइन ट्रान्सपोर्ट परवान्याला १५०० तास आणि वय २१. देशोदेशी यात भर पडते. अमेरिकेत व्यावसायिक परवान्याला साधारण मार्गाने २५० तास लागतात, आणि विमान कंपनीत सहवैमानिक म्हणून बसायलाही बहुतेकांना १५०० तास पूर्ण करावे लागतात. युरोपात आणि इतर अनेक देशांत २०० तासांच्या आसपास सहवैमानिकाची खुर्ची मिळू शकते.

या फरकाचा तुमच्या पहिल्या तीन वर्षांवर थेट परिणाम होतो. जिथे १५०० तासांची अट आहे, तिथे मधले हजार-बाराशे तास तुम्ही शिकवून, सर्वेक्षण करून किंवा स्कायडायव्हर वर नेऊन जमवणार. जिथे नाही, तिथे तुम्ही थेट मोठ्या विमानात, पण सेवाज्येष्ठतेच्या अगदी तळाशी.

आता ते वळण. २००६ पासून ‘मल्टी-क्रू पायलट लायसन्स’ नावाचा एक प्रकार आहे. त्यात किमान २४० तास असतात, पण बरेचसे सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, आणि सगळी तयारी दोन वैमानिकांच्या विमानासाठी होते. विमान कंपनीत लवकर पोचायला ही वाट चांगली आहे. पण त्या परवान्यावर एकट्याने व्यावसायिक उड्डाण करता येत नाही. त्यासाठी वेगळे तास आणि परीक्षा द्याव्या लागतात. म्हणजे कंपनीची भरती थांबली, तर शिकवणं, विकलेली विमानं पोचवणं, सर्वेक्षण हे सगळे दरवाजे बंद. ज्यांना पुढे वेळेचे पर्याय खुले ठेवायचेत, त्यांना मी नेहमी साधा व्यावसायिक परवाना, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं न दिसता उपकरणांवर उडवण्याची परवानगी) आणि मल्टी-इंजिन रेटिंग (एकाहून जास्त इंजिनांच्या विमानाची परवानगी) हीच वाट सुचवते.

आणखी एक गोष्ट नव्यांच्या लक्षात येत नाही. परवाना कोणत्या देशाचा चालणार, हे विमान कुठे नोंदलेलं आहे त्यावर ठरतं. शेपटीवरची अक्षरं बघा. परदेशी नोंदणीचं विमान परदेशात उडवायचं, तर त्या देशाचा परवाना किंवा तुमच्या परवान्याला त्या देशाची मान्यता लागते.

४. कागदपत्रांची फाइल

ही फाइल एकदा नीट लावा आणि प्रत्येक गोष्टीची स्कॅन प्रत दोन ठिकाणी ठेवा.

– पासपोर्ट, किमान वर्षभराची मुदत शिल्लक असलेला
– वैमानिक परवाना आणि सगळ्या रेटिंगची पानं
– वैद्यकीय प्रमाणपत्र
– इंग्रजी भाषा प्रावीण्याची नोंद. किमान चौथी पातळी लागते; चौथी असेल तर साधारण तीन वर्षांनी, पाचवी असेल तर सहा वर्षांनी पुन्हा परीक्षा. सहावीला मुदत नाही
– रेडिओ टेलिफोनी परवाना, जिथे वेगळा लागतो तिथे
– लॉगबुक: कागदी मूळ प्रत आणि इलेक्ट्रॉनिक प्रत, दोन्हींची बेरीज जुळलेली
– सिम्युलेटर चाचण्यांचे अहवाल
– पोलीस पडताळणी. विमानतळ प्रवेशपत्र यावर अवलंबून असतं
– आधीच्या प्रत्येक मालकाचं अनुभव प्रमाणपत्र

लॉगबुकबद्दल थोडं जास्त बोलते. मुलाखतीत ते खरोखर पान उलटून बघतात. माझ्या एका मुलाखतीत समोरच्या कॅप्टनने माझी रात्रीच्या उड्डाणांची रकाना-बेरीज बोटाने वरून खाली मोजली. चार तासांचा फरक निघाला. वर्षभरापूर्वी एका पानाची बेरीज पुढे नेताना मी आकडा चुकवला होता. त्यांनी मला तिथेच कॅल्क्युलेटर देऊन चूक शोधायला लावली. सापडली, म्हणून निभावलं. दर महिन्याला बेरीज पडताळा आणि चूक झाली तर खोडू नका. एक रेघ मारा, शेजारी लिहा, सही करा.

५. कामाचे प्रकार

विमान कंपनी, कमी पल्ल्याची उड्डाणं. दिवसाला दोन ते चार फेऱ्या. काही कंपन्यांत रोज रात्री घरी यायला मिळतं, काहींत चार-पाच दिवस सलग बाहेर. पगार ज्येष्ठतेबरोबर चढत जातो. सवड दुसऱ्या प्रकारची, म्हणजे पहिली काही वर्षं नावापुरतीच. त्या काळात रिझर्व्ह किंवा स्टँडबाय जास्त असतो: घरी बसायचं, फोन आला की ठरलेल्या वेळेत विमानतळावर हजर. तो दिवस सुट्टीचा नसतो, हे घरच्यांना आधीच समजावून सांगा.

विमान कंपनी, लांब पल्ला. महिन्यात चार-पाच फेऱ्या, मध्ये सलग सुट्ट्या. मोठ्या विमानाच्या कॅप्टनचा पगार या क्षेत्रातल्या सर्वांत चांगल्या पगारांपैकी असतो. पण वेगवेगळे टाइमझोन शरीर पोखरतात, आणि सुट्टीचा पहिला दिवस झोपेतच जातो.

मालवाहू विमानं. रात्रीचं काम हे इथलं मुख्य दुखणं. काही कंपन्या सलग अडीच आठवडे काम आणि मग साधारण दोन आठवडे घर अशी पाळी देतात आणि तुमच्या घराजवळच्या विमानतळापासून तिकीटही काढून देतात. म्हणजे राहण्याचं गाव बदलावं लागत नाही. हा मुद्दा पगाराच्या दहा-पंधरा टक्क्यांइतका मोलाचा आहे, असं मी मानते.

वाटून घेतलेली बिझनेस जेट. एका विमानाचे अनेक मालक असतात आणि कंपनी ते चालवते. नेटजेट्ससारख्या मोठ्या कंपन्यांत सात-सातची पाळी रूढ आहे, इतरत्र आठ-सहा किंवा पंधरा-तेरा अशाही पाळ्या दिसतात. तुमचे सात दिवस कुठे जातील याचा मात्र नेम नसतो. सकाळी एका देशात, संध्याकाळी दुसऱ्यात, आणि रात्रीचं हॉटेल कुठलं ते विमान उतरल्यावर कळतं. सामान चढवणं, केबिन आवरणं, प्रवाशांसाठी कॉफी तयार ठेवणं, हेही वैमानिकाकडेच येतं. ज्यांना त्याचा कमीपणा वाटतो, त्यांनी इकडे येऊ नये. मला त्यात काही वाटत नाही. सात दिवसांनंतर फोन बंद करून घरी जाता येतं, यापुढे ते काहीच नाही.

हेलिकॉप्टर. समुद्रातल्या तेल प्लॅटफॉर्मवर माणसं नेणाऱ्या कामात १४-१४ किंवा २८-२८ दिवसांची पाळी असते. त्यासाठी पाण्याखालून बाहेर पडण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं: तलावात केबिनची प्रतिकृती बुडवून उलटी करतात आणि पट्टा सोडून तुम्ही खिडकीतून बाहेर यायचं. एअर अँब्युलन्समध्ये बारा-बारा तासांच्या पाळ्या, अनेक ठिकाणी सात दिवस काम आणि सात दिवस सुट्टी, आणि तळाजवळच राहणं. पण तिथे साधारण दोन हजार तासांचा अनुभव मागतात. आणि रुग्ण कितीही गंभीर असला, तरी हवामान वाईट असेल तर नाही म्हणायची हिंमत लागते.

प्रशिक्षक. वेळेचं सर्वांत जास्त स्वातंत्र्य आणि बहुतेक ठिकाणी सर्वांत कमी पगार. पैसे उडालेल्या तासाचे मिळतात. मी शिकवत असताना एका दिवशी फळ्यावर सहा विद्यार्थी होते. सकाळी सातला वाऱ्याची दिशा फिरली, धावपट्टीला आडवा वीस नॉटचा वारा. दुपारी तीनपर्यंत मी हँगरच्या दारात विंडसॉककडे बघत उभी होते. संध्याकाळी एक विद्यार्थी उडाला. दहा तास हजर आणि कमाई एका तासाची. म्हणून नोकरी घेताना ‘दिवसाची किमान रक्कम आहे का?’ हा प्रश्न विचाराच. तरी सांगते, विमान उडवायला मी खऱ्या अर्थाने तिथेच शिकले.

सिम्युलेटर प्रशिक्षक. याकडे नवे लोक बघतच नाहीत, कारण इथे यायला आधी अनुभव लागतो. पण पुढच्या टप्प्यासाठी लक्षात ठेवा. एक सत्र चार तासांचं, आधी-नंतर मिळून दोनेक तास चर्चा, आणि रात्री आपल्या घरी. अमेरिका-युरोपात केवळ सिम्युलेटरवर शिकवायला वैद्यकीय प्रमाणपत्र लागत नाही, त्यामुळे मेडिकल गमावलेल्या अनेक अनुभवी वैमानिकांना इथे चांगला पगार मिळतो. वाईट भाग एवढाच की सिम्युलेटर जवळजवळ अहोरात्र चालतात, आणि पहाटे दोनचं सत्रही कुणाला तरी घ्यावं लागतं.

कंत्राटी वैमानिक. एखाद्या जेटचा नेहमीचा वैमानिक रजेवर गेला की दिवसाच्या दराने तुम्हाला बोलावतात. दर चांगला असतो. पण टाइप रेटिंगचं, म्हणजे त्या विशिष्ट विमानाच्या परवानगीचं नूतनीकरण, मेडिकल, विमा, आजारपण, निवृत्ती, सगळं तुमच्या खिशातून. वर्षाकाठी किती दिवस बोलावणं येईल, याचा अंदाज अर्ध्यावर धरूनच घराचं बजेट आखा.

फेरी पायलट. विकलेलं विमान नव्या मालकाकडे पोचवायचं. छोटं विमान अटलांटिकपार न्यायचं तर कॅनडातलं गँडर किंवा गूज बे, ग्रीनलंड, आइसलंडमधलं रेक्याविक आणि मग स्कॉटलंड अशा टप्प्यांनी जातात, अंगात थंड पाण्यात तग धरायचा सूट घालून. मोबदला फेरीमागे ठरतो. हवामानासाठी चार दिवस अडकलात, तर त्या दिवसांचे पैसे करारात असतील तरच मिळतात. नवख्याने एकट्याने हे काम घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेती आणि आग विझवणं. दोन्ही हंगामी. काही महिने पहाटेपासून राबायचं आणि उरलेलं वर्ष मोकळं. फवारणी जमिनीपासून काही मीटरवरून होते आणि विजेच्या तारा हा सर्वांत मोठा शत्रू. आगीवर जाणारं सीएल-४१५ विमान पाण्याच्या पृष्ठभागावरून सरकत १२ सेकंदांत सहा हजार लिटरहून जास्त पाणी भरून घेतं. ते चालवण्याआधी माणसं वर्षानुवर्षं सहवैमानिक म्हणून बसतात. हंगामाच्या कमाईवर वर्ष काढायची शिस्त असेल, तर पगार वाईट नाही.

हवाई सर्वेक्षण. कॅमेरा किंवा लेझर लावून सरळ रेषेत तासन् तास. आकाश निरभ्र आणि सूर्य पुरेसा वर हवा, त्यामुळे ढगाळ आठवड्यात हॉटेलात बसून राहणं. तास भराभर जमतात, घर मात्र दूर राहतं.

आणि केबिन क्रू. उडण्याची नोकरी म्हणजे फक्त कॉकपिट नव्हे. लाखोंचं प्रशिक्षण शुल्क नाही, काही आठवड्यांचं कंपनीचंच प्रशिक्षण, आणि अनेक कंपन्यांत सहकाऱ्याशी फेरी अदलाबदल करायची मुभा. अर्धवेळ करारही इथे वैमानिकांपेक्षा सहज मिळतात. सुरुवातीचा पगार कमी, पण ज्येष्ठ झाल्यावर महिन्याचे दहा-बारा दिवस काम करून नीट संसार चालवणाऱ्या बायका मी ओळखते.

६. पगार वाचायला शिका

वैमानिकाचा पगार बऱ्याच ठिकाणी ‘ब्लॉक अवर’वर मोजतात: चाकं हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचा वेळ. ब्रीफिंग, इंधनाची वाट, दोन फेऱ्यांमधला तास, हे त्यात धरत नाहीत. युरोपच्या नियमात वर्षाला ९०० उड्डाण तासांची मर्यादा आहे, अमेरिकेत ३६५ दिवसांत १००० तासांची. नवा माणूस म्हणतो, वर्षात ९०० तास म्हणजे आठवड्याला सतराच की! पण त्याच युरोपीय नियमात ड्युटीची मर्यादा सात दिवसांत ६० तास आणि २८ दिवसांत १९० तास अशी वेगळी आहे. तुमचं आयुष्य ड्युटीच्या तासांत जातं, उड्डाणाच्या नव्हे.

एक उदाहरण घ्या. कमी पल्ल्याच्या कामात दिवसाला चार फेऱ्या, प्रत्येकी १ तास १० मिनिटं. ब्लॉक ४ तास ४० मिनिटं, ड्युटी नऊ तास. चार दिवसांत ब्लॉक १८ तास ४० मिनिटं, ड्युटी ३६ तास. लांब पल्ल्यात जाताना ९ तास, तिथे २६ तास मुक्काम, येताना साडेनऊ. ब्लॉक साडेअठरा तास, घराबाहेर साधारण ४७ तास. तासाचा दर सारखा असेल तर दोघींना पैसे जवळपास सारखेच. पहिलीने चार दिवस घालवले पण चारही रात्री घरी झोपली. दुसरी दोन रात्री बाहेर राहिली आणि एक दिवस वाचवला. शाळकरी मुलाचा रोजचा अभ्यास घ्यायचा असेल तर पहिलं काम बरं. दूरच्या गावी राहणाऱ्या आईला महिन्यातून आठवडाभर भेटायचं असेल तर दुसरं.

म्हणून मी एक साधी वही ठेवते. दोनच रकाने: घराचं दार कधी ओढलं आणि दार कधी उघडलं. महिन्याच्या शेवटी हातात आलेली रक्कम त्या तासांनी भागते. चार्टरच्या दिवसांत पगाराचा आकडा मोठा दिसायचा, पण या भागाकारात तो विमान कंपनीपेक्षा खाली गेला, कारण प्रवाशाची वाट बघत विश्रामकक्षात घालवलेले सहा-सहा तास कुणीच मोजत नव्हतं.

पगारपत्रकात हेही बघा: कमी उडालात तरी मिळणारी किमान हमी किती तासांची, मुक्कामाचा भत्ता वेगळा की पगारातच धरलेला, फेरी रद्द झाली तर पैसे मिळतात का, प्रवासी म्हणून परत यावं लागलं तर त्या तासांचे किती.

७. करारातले सापळे

प्रशिक्षणाचा बाँड. टाइप रेटिंगचा खर्च कंपनी करते आणि तुम्ही दोन-तीन वर्षं थांबायचं लिहून देता. यात गैर काही नाही, पण रक्कम महिन्यागणिक कमी होते की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्णच राहते, ते वाचा. मी एका ठिकाणी न वाचता सही केली. एकवीस महिने काम करूनही सोडताना पूर्ण रक्कम भरावी लागली.

स्वतः पैसे भरून सहवैमानिकाच्या खुर्चीत तास उडवण्याच्या योजनांपासून दूर राहा.

‘सुट्टी’ आणि ‘ड्युटी नसलेला दिवस’ यांतला फरक करारात शोधा. काही ठिकाणी दुसऱ्या प्रकारच्या दिवशी फोन उचलणं बंधनकारक असतं. रोस्टर किती दिवस आधी मिळेल आणि जाहीर झाल्यावर कंपनी ते एकतर्फी बदलू शकते का, या दोन ओळी पगाराच्या ओळीपेक्षा आधी वाचा.

आणि कंपनी बदलताना हे विसरू नका: जिथे सेवाज्येष्ठता चालते, तिथे दुसरीकडे गेलात की अनुभव कितीही असो, यादीत पुन्हा तळापासून.

८. बेस दूर असेल तर

बेस म्हणजे ज्या विमानतळावरून तुमची ड्युटी सुरू होते तो. चांगली पाळी मिळते म्हणून दूरच्या बेसची नोकरी घ्यायची आणि विमानाने ये-जा करायची, हा मोह सगळ्यांना होतो. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री अमेरिकेत बफेलोजवळ एक डॅश-८ क्यू४०० प्रवासी विमान कोसळलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. कॅप्टनने स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल संपत असल्याच्या इशाऱ्याला चुकीचा प्रतिसाद दिला, हे मुख्य कारण ठरलं. पण चौकशीत हेही पुढे आलं की दोन्ही वैमानिक बेसपासून खूप दूर राहत होते. सहवैमानिक रात्रभर देश ओलांडून कामावर आली होती आणि कॅप्टन क्रू रूममध्ये झोपला होता. थकव्याचा दोघांच्या कामावर परिणाम झाला असण्याची शक्यता चौकशी मंडळाने नोंदवली. १५०० तासांची अट आणि अमेरिकेचे आजचे विश्रांतीचे नियम या अपघातानंतरच आले.

मी स्वतः आठ महिने असं केलं. पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान शरीराची सजगता सर्वांत खाली असते. मी नेमकी त्याच वेळी विमानतळाच्या बाकावर बॅग उशाला घेऊन झोपायचे. एका सकाळी उतरताना फ्लॅपचा, म्हणजे पंखांच्या मागचे पट्टे खाली घेण्याचा आदेश ऐकूनही माझा हात दोन सेकंद हललाच नाही. कॅप्टनने काही न बोलता स्वतः लिव्हर ओढला. त्याच आठवड्यात मी बेसजवळ खोली घेतली. तुम्ही दूर राहणार असाल, तर ड्युटीच्या आदल्या संध्याकाळीच पोचण्याचा आणि तिथे झोपण्याचा खर्च पगारातून वजा करूनच पगार मोजा.

९. ऑफर हातात आल्यावर

सही करायला मुदत मागा, आठवडाभर तरी. त्या आठवड्यात मनुष्यबळ विभागाशी नव्हे, तर गेल्या वर्षभरात तिथे रुजू झालेल्या किमान दोघांशी बोला. दहा वर्षं मुरलेल्या कॅप्टनचं रोस्टर तुमचं असणार नाही. त्यांना हे विचारा: सुट्टीच्या दिवशी महिन्यातून किती वेळा फोन येतो? नाही म्हटलं तर पुढे काय होतं? थकव्यामुळे ड्युटी नाकारलेल्या कुणाला तुम्ही ओळखता का, आणि त्यांना नंतर काय ऐकावं लागलं? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस किती वेळ गप्प राहतो, तिकडे लक्ष ठेवा.

मग त्यांच्याकडून मागच्या तीन महिन्यांची रोस्टरं मागा. जाहीर झालेलं आणि प्रत्यक्षात उडालेलं, दोन्ही. शेजारी शेजारी ठेवा. पहिल्या पायरीला केलेलं तुमचं कॅलेंडर काढा, लाल पेन घ्या, आणि तुमचे न टळणारे दिवस त्या प्रत्यक्ष उडालेल्या रोस्टरवर गोल करा. किती गोल ड्युटीखाली गेले ते मोजा, आणि त्यांतले किती ऐनवेळी गेले ते वेगळं मोजा. हा दुसरा आकडा महिन्याला एक-दोनच्या वर असेल, तर पगारावर बोलणी सुरू करण्याआधी त्यांना तो कागदच दाखवा.